जुन्या केसपेपरांवरचा अभ्यास कसा वाचावा?

आयसीयूच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांशी बोलण्यात आमची नोकरीची बरीच वर्षे गेली. २०१७ नंतरची एक संध्याकाळ आठवते. आतमध्ये एका बाईंना सेप्सिस झाला होता. म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरून एकेक अवयव थकू लागला होता. त्यांचा मुलगा मोबाइल पुढे करून म्हणाला, "सिस्टर, हे वाचा. अमेरिकेत अशा पेशंटला व्हिटॅमिन सीची इंजेक्शनं दिली. चाळीस टक्के मरायचे, ते आठ टक्क्यांवर आले. मग माझ्या आईला का देत नाही? पैशाचं आम्ही बघतो. बायकोचं डोरलं आहे."

आमच्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हते. "डॉक्टरांना विचारा," एवढेच म्हणालो. त्याने आकडे मनाने सांगितले नव्हते, ते नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. पण छापून आले म्हणून त्यावर डोरले गहाण टाकायचे का? हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. नोकरी सोडून वस्तीत आरोग्याचे काम करू लागल्यावर तर तो रोज भेटतो. कोणी ना कोणी मोबाइल दाखवते आणि म्हणते, "ताई, अभ्यासात सिद्ध झालंय." म्हणून या वेळी आरोग्य पानावर औषधाऐवजी अभ्यासाबद्दल लिहीत आहोत.

मागे वळून पाहणे आणि चिठ्ठी टाकणे

अभ्यास मुख्यतः दोन प्रकारे होतो.

पहिल्या प्रकारात डॉक्टर जुने केसपेपर काढून बसतात. कोणाला कोणते औषध दिले होते, कोण बरे झाले, कोण गेले, हे मोजतात. उपचार होऊन गेलेले असतात, मोजणी नंतर होते. याला रेट्रोस्पेक्टिव्ह स्टडी म्हणतात. मराठीत पूर्वलक्षी अभ्यास. आपण त्याला 'मागे वळून केलेला अभ्यास' म्हणू.

दुसऱ्या प्रकारात अभ्यास आधी ठरतो आणि पेशंट नंतर येतात. प्रत्येक पेशंटला, किंवा तो शुद्धीवर नसेल तर त्याच्या जवळच्या माणसाला, सगळे समजावून लेखी संमती घेतात. मग कोणाला नवे औषध आणि कोणाला नेहमीचा उपचार, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. आता हे काम कॉम्प्युटर करतो, पण तत्त्व भिशीच्या चिठ्ठीचेच. भिशीत ज्या बाईची चिठ्ठी निघते तिला पैसे मिळतात. ती मोठी की धाकटी, गरजू की सुखवस्तू, हे चिठ्ठी पाहत नाही. इथेही तसेच. त्यामुळे पुरेशी माणसे असली की दोन्ही गटांत म्हातारे-तरुण, फार आजारी-कमी आजारी साधारण सारखे वाटले जातात. नंतर फरक दिसला तर तो औषधामुळे पडला असे म्हणायला आधार मिळतो.

मागे वळून केलेल्या अभ्यासात चिठ्ठी नसते. औषध कोणाला द्यायचे हे त्या वेळी एका डॉक्टरने ठरवलेले असते, आणि त्याला काहीतरी कारण असते. ते कारण केसपेपरावर लिहिलेले असेलच असे नाही.

ते ९४ पेशंट

त्या भावाने दाखवलेला अभ्यास डॉ. पॉल मरीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होता. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात नॉरफोक येथे त्यांनी २०१६ च्या जानेवारी ते जुलैमध्ये सेप्सिसच्या ४७ पेशंटना शिरेतून व्हिटॅमिन सी, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आणि थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-१ असे तीन एकत्र दिले. तुलनेसाठी त्याआधीच्या, म्हणजे २०१५ च्या जून ते डिसेंबरमधील ४७ पेशंटचे केसपेपर काढले. आधीच्या ४७ पैकी १९ दगावले होते. नंतरच्या ४७ पैकी फक्त ४ दगावले. २०१७ साली हे 'चेस्ट' या नियतकालिकात छापून आले आणि जगभर बातम्या झाल्या.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण घाई न करता काही गोष्टी पाहू.

दोन्ही गट वेगवेगळ्या महिन्यांतले होते. एका गटात उन्हाळा आणि थंडीची सुरुवात, दुसऱ्यात ऐन थंडी ते उन्हाळा. आयसीयूत ऋतूप्रमाणे आजार बदलतात, हे तिथे काम केलेल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक आहे.

नवा उपचार सुरू झाला की सगळ्यांचे लक्ष त्या पेशंटकडे जास्त जाते. डॉक्टर जास्त वेळा येतात, सिस्टर जास्त वेळा तपासतात, अँटिबायोटिक वेळेवर लागते. बरे वाटले तर ते औषधाने की लक्ष दिल्याने, हे वेगळे काढता येत नाही.

औषधे तीन होती. आधीच्या गटातील सगळ्यांना स्टेरॉइडही मिळालेले नव्हते. मग गुण कोणाचा?

आणि पेशंट एकूण ९४. एवढ्या थोड्या माणसांत पाच-सहा जण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी खूप बदलते.

असा अभ्यास करणे चूक नाही. त्याने एक प्रश्न पुढे आणला, की हे औषध खरेच उपयोगी आहे का? पण उत्तर मिळण्याआधीच लोकांनी प्रश्नालाच उत्तर मानले.

चिठ्ठ्या टाकल्यावर काय झाले

पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझील येथे सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या २१६ पेशंटना चिठ्ठीने दोन गटांत घेतले. एका गटाला तिन्ही औषधे, दुसऱ्याला फक्त स्टेरॉइड. २०२० साली निकाल आला. ९० दिवसांत तिन्ही औषधांच्या गटात १०० मागे सुमारे २९ आणि फक्त स्टेरॉइडच्या गटात १०० मागे सुमारे २५ दगावले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढा लहान आहे. पण ४० वरून ८ वर यायचे तसे काही झाले नाही.

मग २०२२ साली कॅनडा, फ्रान्स आणि न्यूझीलंडमधील ३५ आयसीयूंमध्ये झालेल्या चाचणीचा निकाल आला. ८७२ पेशंट होते. चिठ्ठीने काहींना शिरेतून व्हिटॅमिन सी दिले, बाकीच्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य. कोणाला काय लागले आहे हे पेशंटला आणि उपचार करणाऱ्यांनाही माहीत नव्हते. २८ दिवसांनी मोजले की किती जण दगावले किंवा अजून मशीनच्या, डायलिसिसच्या किंवा रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाच्या आधारावर आहेत. व्हिटॅमिन सीच्या गटात ४२९ पैकी १९१ आणि दुसऱ्या गटात ४३४ पैकी १६७. म्हणजे औषध घेतलेल्यांची अवस्था जास्त वाईट झाली.

जे औषध जीव वाचवते म्हणून नातेवाईक धावत होते, ते मोठ्या डोसमध्ये शिरेतून दिल्यावर उलट अपायच करत असावे असे दिसले. घरचे लिंबू, आवळा, पेरू यांच्याशी याचा संबंध नाही. ते खात राहा.

आकडे फसवतात कुठे?

पहिली जागा म्हणजे उपचार देण्याचे कारण. ज्या घरासमोर ॲम्ब्युलन्स येते, त्या घरात मृत्यू जास्त होतात. म्हणून ॲम्ब्युलन्स माणसे मारते असे कोणी म्हणत नाही. घरात आधीच कोणी गंभीर असते म्हणून ती येते. आयसीयूत व्हेंटिलेटर लागलेले पेशंट जास्त दगावतात, कारण ज्यांचा श्वास चालत नाही त्यांनाच तो लावतात. जुन्या केसपेपरांवर नुसती मोजणी केली तर व्हेंटिलेटरच दोषी दिसेल. उलटेही होते. एखादी महागडी किंवा नवी पद्धत डॉक्टर धडधाकट पेशंटवर आधी वापरतात, आणि मग ती पद्धत फार गुणकारी दिसते.

दुसरी जागा वेळेची. समजा, गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी घालण्याचे ऑपरेशन सहसा दहाव्या दिवशी होते. ज्यांचे ऑपरेशन झाले ते निदान दहा दिवस जगलेलेच होते. जे तिसऱ्या दिवशी गेले ते आपोआप 'ऑपरेशन न झालेले' या रकान्यात पडले. आता मोजले तर ऑपरेशनवाले जास्त जगले असेच दिसणार.

तिसरी जागा आम्हाला सगळ्यात जवळची, कारण ती आमच्या हातची आहे. ती म्हणजे नोंद. भूल दिलेल्या पेशंटचा रक्तदाब दर पाच मिनिटांनी तक्त्यावर लिहायचा असतो. पण रक्तस्राव सुरू झाला, नाडी कोसळली, की हात पेशंटवर असतात, पेनवर नाही. धावपळ संपल्यावर आठवून लिहिले जाते, आणि आठवून लिहिलेले आकडे गोल आणि गुळगुळीत असतात. रात्रपाळीत एका सिस्टरकडे अनेक खाटा असल्या की दर तासाचा तक्ता असाच भरला जातो. आम्हीही भरला आहे. तोच तक्ता पाच वर्षांनी कोणीतरी कॉम्प्युटरवर चढवतो आणि त्यातून निष्कर्ष काढतो. ज्याची नोंद झाली नाही ते अभ्यासाला कधी दिसतच नाही.

याच जागी आपल्या लोकांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. आयसीयूचे बिल झेपत नाही म्हणून कित्येक जण सही करून पेशंटला घरी नेतात. हॉस्पिटलच्या भाषेत याला 'डामा' म्हणतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी. पेशंट दोन दिवसांनी घरी दगावतो. पण केसपेपरावर शेवटची ओळ असते, 'जिवंत घरी नेले'. अभ्यास करणाऱ्याने फक्त हॉस्पिटलमधले मृत्यू मोजले, तर हा मृत्यू कुठेच मोजला जात नाही. आणि असे गळणारे पेशंट बहुतेक कोणत्या घरचे असतात, हे वेगळे सांगायला नको. म्हणून अभ्यासात 'इतके टक्के वाचले' असे वाचले की विचारावे, मध्येच घरी नेलेल्यांचे काय केले? त्यांना मोजले, वगळले, की वाचलेल्यांत धरले?

खोटी आशा आणि खोटी भीती

भुलीबद्दलची दोन उदाहरणे सांगतो.

२००६ साली आयर्लंडमधील डब्लिन येथून स्तनाच्या कॅन्सरचा एक अभ्यास आला. ऑपरेशन झालेल्या १२९ बायकांचे जुने केसपेपर तपासले होते. त्यातल्या ५० जणींना पूर्ण भुलीसोबत पाठीच्या कण्याजवळ सुई देऊन छातीचा तेवढा भाग बधिर केला होता. तीन वर्षांनी या ५० जणींत १०० मागे ९४ जणी कॅन्सर न उलटता राहिल्या होत्या, आणि नुसती पूर्ण भूल दिलेल्यांत १०० मागे ७७. भुलीची पद्धत बदलली की कॅन्सर उलटत नाही, अशी मोठी आशा निर्माण झाली. मग अनेक देशांत मिळून दोन हजारांहून जास्त बायकांवर चिठ्ठीची चाचणी झाली. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत कॅन्सर सारखाच उलटला, १०० मागे सुमारे १०. अभ्यास करणाऱ्या गटाने स्वतःचीच आशा तपासायला लावली आणि ती खरी ठरली नाही हे मोकळेपणाने छापले. चांगले विज्ञान असेच चालते.

दुसरे उदाहरण लहान बाळांचे. "भूल दिली की पोरगं मठ्ठ होतं" हे आम्ही वस्तीत पुष्कळदा ऐकले आहे. याच्या मागेही एक अभ्यास आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७६ ते १९८२ मध्ये जन्मलेल्या ५,३५७ मुलांच्या नोंदी मागे वळून पाहिल्या आणि २००९ साली त्या प्रसिद्ध झाल्या. चार वर्षांच्या आत दोन किंवा जास्त वेळा भूल घेतलेल्या मुलांना शिकण्यात अडचणी जास्त आढळल्या. एकदाच भूल घेतलेल्यांत तसे आढळले नाही. पण ही दुसरी ओळ बातमीत मागे पडली. आणि ज्या लेकराची वारंवार ऑपरेशने होतात ते मुळातच जास्त आजारी असते. अडचण भुलीची की आजाराची, हे जुने कागद नीट सांगू शकत नाहीत.

पुढे सात देशांत हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या ७२२ तान्ह्या बाळांची चिठ्ठीची चाचणी झाली. काहींना पूर्ण भूल, काहींना जागेपणी फक्त खालचा भाग बधिर. पाच वर्षांचे झाल्यावर दोन्ही गटांची बुद्धी तपासली. गुण जवळजवळ सारखे, सरासरी ९९ च्या आसपास. ही भूल एकदाच आणि तासाभराच्या आतली होती, त्यामुळे लांबलेल्या किंवा वारंवारच्या भुलीबद्दल ही चाचणी काही सांगत नाही. पण बाळाच्या हर्नियात आतडे अडकले तर जिवावर बेतते. मठ्ठ होईल या भीतीने ते ऑपरेशन पुढे ढकलू नका.

पण जुने कागद फेकायचे नाहीत

हे वाचून कोणी म्हणेल, मग असे अभ्यास बंदच करावेत. नाही. काही प्रश्नांची उत्तरे त्यांच्याशिवाय मिळत नाहीत.

हॅलोथेन हे भुलीचे औषध १९५६ पासून वापरात आले. त्याआधीचे ईथर पेट घ्यायचे, हे घेत नव्हते, म्हणून जगभर आणि आपल्या सरकारी हॉस्पिटलांतही ते पुष्कळ वापरले गेले. पण काही पेशंटचे यकृत ऑपरेशननंतर अचानक नासले आणि ते दगावले. मग अमेरिकेत ३४ हॉस्पिटलांतील १९५९ ते १९६२ या काळातले, भूल दिलेल्या साडेआठ लाख प्रसंगांचे कागद तपासले. यकृत असे पूर्ण नासून मृत्यू झालेले ८२ सापडले, म्हणजे साधारण १०,००० मागे एक. त्यातल्या बहुतेकांना संसर्ग, रक्तदाब कोसळणे अशी दुसरी कारणे होती. ९ जणांचे कारण सापडले नाही, आणि त्या ९ पैकी ७ जणांना हॅलोथेन दिले होते. एकूण मृत्यू मात्र हॅलोथेनने वाढलेले नव्हते.

इतका विरळा धोका चिठ्ठीच्या चाचणीत सापडायला लाखो पेशंट लागले असते. जुन्या कागदांनी तो दाखवला. ऑपरेशनआधी आम्ही विचारतो, "पूर्वी कधी भूल घेतली होती का? नंतर ताप, कावीळ झाली होती का?" हा प्रश्न अशाच अनुभवातून आला आहे. त्याचे उत्तर आठवून, खरे खरे द्या.

कोणी 'अभ्यासात सिद्ध झालंय' म्हटले तर

डॉक्टरांना किंवा सिस्टरला हे विचारा. विचारायला शिक्षण लागत नाही.

१. हा अभ्यास जुने केसपेपर पाहून केला, की चिठ्ठी टाकून?
२. पेशंट किती होते? टक्के नकोत, किती पैकी किती ते सांगा.
३. दोन्ही गट एकाच काळातले आणि सारखेच आजारी होते का? औषध कोणाला द्यायचे हे कोणी ठरवले?
४. मध्येच घरी नेलेल्यांना कसे मोजले?
५. यानंतर मोठी चाचणी झाली का? तिने काय सांगितले?
६. माझ्या पेशंटला याने काय फायदा, काय धोका, खर्च किती?

सहावा प्रश्न विचारल्याशिवाय बाहेरून महागडे इंजेक्शन आणू नका. आणि मोबाइलवरचे वाचून चालू औषध स्वतःहून बंदही करू नका.

सेप्सिसबाबत एक गोष्ट नक्की, उशीर घातक. संसर्ग किंवा ताप असताना श्वास जोरात चालणे, माणूस गोंधळणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. वेळेवर लागलेले अँटिबायोटिक आणि सलाइन हाच उपचाराचा पाया आहे.

आपले कागद जपा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत केसपेपरची प्रत द्यावी लागते, आणि भरती पेशंटचे कागद निदान ३ वर्षे ठेवावे लागतात. तुमच्या जुन्या केसपेपरवर अभ्यास करायचा तर हॉस्पिटलच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि नाव गुप्त ठेवावे लागते. नव्या चाचणीत घ्यायचे तर तुमची लेखी संमती हवी. नाही म्हटले म्हणून नेहमीचा उपचार कोणी थांबवू शकत नाही.

त्या भावाच्या आईचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्या वाचल्या, व्हिटॅमिन सीचे इंजेक्शन न घेता. पण त्यावरून ते औषध वाईट असे आम्ही म्हणत नाही. एका पेशंटवरून तसे म्हणता येत नाही. ते नंतरच्या शेकडो पेशंटच्या चाचण्यांनी ठरले. सुट्टीच्या दिवशी सून सोबत आली होती. तिच्या गळ्यात डोरले होते.